निशाण आणि निशाणी

कवटी आणि तिच्याखाली फुलीसारखी ठेवलेली दोन हाडं. हे चित्र आपण पहिल्यांदा कुठे पाहिलं असेल? समुद्रावर नक्कीच नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या डीपीवर! पत्र्याची पाटी, वर 'धोका', खाली '४४० व्होल्ट' आणि मधोमध ही कवटी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून ती तिथे असते. चेंडू तिकडे गेला तर चार वर्षांचं पोरसुद्धा थबकतं. जहाल विषाच्या डब्यावरही तीच. थोडक्यात काय, तर कवटी ही आधी सूचना आहे, नक्षी नंतर. आज मला जे लिहायचंय ते या 'नंतर'बद्दल.

तर मंडळी, आजचा विषय म्हणजे समुद्री चाच्यांचे झेंडे आणि त्यांच्यावरून काढले जाणारे टॅटू. (आजींना झालंय तरी काय, असं तुमच्या मनात आलंच असणार!) कारण सांगते. माझ्या नातवाला दंडावर टॅटू काढून घ्यायचाय. फोनवर त्याने मला चित्र दाखवलं. काळ्या झेंड्यावर शिंगं असलेला पांढरा सांगाडा, त्याच्या एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात भाला, भाल्याचं टोक एका लाल हृदयावर रोखलेलं आणि हृदयातून रक्ताचे थेंब ठिबकतायत. "ब्लॅकबिअर्डचा झेंडा आहे आजी. ओरिजिनल!"

यावरून घरात सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, अंगावर सांगाडा म्हणजे अशुभ, उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं? दुसरा तट म्हणतो, नुसतं डिझाइन तर आहे, त्यात एवढं काय? मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. (दोन्ही तट हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जेवणाच्या टेबलावर वाद न घालता इथे लिहितेय.)

आधी अशुभवाल्यांशी बोलते. अहो, आपल्या महादेवाच्या गळ्यात रुंडमाळ आहे. त्याचं एक नाव कपाली. कालीमातेच्या गळ्यातही मुंडक्यांचीच माळ. देवघरातल्या तसबिरीत जी कवटी रोज आपला नमस्कार घेते, ती दंडावर गेल्याबरोबर अशुभ कशी होते? मरणाचं चित्र समोर ठेवून जगणं ही काही चाच्यांनी शोधून काढलेली गोष्ट नाही. युरोपातही सतराव्या शतकातल्या थडग्यांच्या दगडांवर कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ कोरलेलं दिसतं. तिथे त्याला 'मेमेंटो मोरी' म्हणतात. म्हणजे, बाबा रे, तुलाही मरायचंय हे विसरू नकोस. चर्चच्या आवारात रविवारी येणाऱ्या साध्याभोळ्या माणसांना ही चित्रं पाठ होती. चाच्यांनी ती तिथूनच उचलली.

केव्हा उचलली? १७०० साली 'एचएमएस पूल' या इंग्रजी युद्धनौकेचा कप्तान जॉन क्रॅनबी केप व्हर्द बेटांजवळ इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याच्या मागे लागला होता. विनच्या जहाजावर काळं निशाण होतं आणि त्यावर कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ होतं, अशी नोंद त्याने करून ठेवली. कवटीच्या काळ्या निशाणाची ही सगळ्यांत जुनी नोंद मानली जाते. त्यात घड्याळ आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता हे निशाण करायचं काय? आपल्याला सिनेमात पाहून वाटतं की चाचे ते चोवीस तास फडकावत हिंडत असतील. तसं नव्हतं. असं केलं तर सावज लांबूनच पळून जाणार! चाच्यांचं जहाज बहुतेक वेळा कुठल्यातरी देशाचा साळसूद झेंडा लावून जवळ यायचं. तोफेच्या टप्प्यात आलं की तो झेंडा खाली आणि काळं निशाण वर. त्याचा अर्थ समोरच्या कप्तानाला लगेच कळायचा. आता शरण या, माल द्या, जीव वाचेल. लढलात तर मात्र खैर नाही. आणि वर चढलेलं निशाण लाल असेल तर? १७२४ साली रिचर्ड हॉकिन्स नावाचा एक कप्तान चाच्यांच्या तावडीत सापडून सुटून आला. त्याने लिहून ठेवलंय की हे लोक 'जॉली रॉजर'खाली लढतात तेव्हा शरण आलेल्याला जीवदान देतात, लाल निशाणाखाली लढतात तेव्हा देत नाहीत.

पीटर लीसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 'द इन्व्हिजिबल हुक' या २००९ सालच्या पुस्तकात याचा छान हिशोब मांडला आहे. लढाई चाच्यांनाही परवडत नव्हती. आपली माणसं मरतात, जहाज फुटतं, लुटायचा माल बुडतो. त्यापेक्षा भीती दाखवून काम होत असेल तर बरं. म्हणजे ते निशाण तलवार उपसायला लागू नये म्हणून होतं. भयंकर दिसणं हे त्याचं काम होतं, आणि ते जितकं भयंकर तितकं रक्त कमी सांडणार. गंमतच आहे की नाही?

यातून दोन गोष्टी निघतात. एक, निशाण हे दुसऱ्याने वाचावं म्हणून होतं. ते लावणारा स्वतः त्याच्याकडे मान वर करून किती वेळा बघणार? दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, ते उतरवता येत होतं. शिकार शरण आली की काम संपलं. दोरी सोडली की झालं. पुन्हा साळसूद झेंडा वर. टॅटूचं या दोन्ही बाबतीत उलटं आहे. तो बघणारांमध्ये पहिला नंबर आपला स्वतःचा, रोज सकाळी आंघोळीच्या वेळी. आणि त्याला दोरी नाही. आपल्या भाषेत 'निशाण' आणि 'निशाणी' असे दोन शब्द किती जवळजवळ आहेत, पण एक फडकतं आणि दुसरी राहते. म्हणून मला वाटतं, निशाणावरचं सगळंच्या सगळं निशाणीत घ्यायचं नसतं. निवडून घ्यायचं असतं.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचं उदाहरण घ्या. वेल्समधला हा माणूस १७१९ साली चाच्यांच्या हाती कैदी म्हणून सापडला आणि थोड्याच आठवड्यांत त्यांचाच कप्तान झाला. बार्बाडोस आणि मार्टिनिक या बेटांच्या सत्ताधाऱ्यांनी त्याला पकडण्यासाठी जहाजं पाठवली, याचा त्याला भलताच राग. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने १७२४ साली चाच्यांवर जे पुस्तक निघालं, त्यात त्याच्या एका निशाणाचं वर्णन आहे. हातात तलवार घेतलेला तो स्वतः, आणि त्याच्या दोन पायांखाली दोन कवट्या. एकीखाली 'एबीएच' ही अक्षरं, दुसरीखाली 'एएमएच'. म्हणजे हे बार्बाडोसवाल्याचं डोकं आणि हे मार्टिनिकवाल्याचं डोकं! टॅटूच्या पुस्तकांत हे चित्र हमखास असतं, दिसतंही झोकदार. पण ते आहे काय? एका माणसाचं दोन बेटांशी असलेलं भांडण. १० फेब्रुवारी १७२२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप लोपेझजवळ 'स्वॉलो' या युद्धनौकेने रॉबर्ट्सला गाठलं, त्यात तो मेला आणि भांडणही संपलं. कापडावरचं भांडण असं संपतं. ते आजच्या मुलाने तीनशे वर्षांनी आपल्या दंडावर का चालू ठेवायचं? आणि रॉबर्ट्सचं जाऊ द्या, आपलं स्वतःचं भांडणसुद्धा कातडीवर नको. पंचविशीतला शत्रू चाळिशीत आठवतही नाही. (पंचविशीतल्या प्रेयसीच्या नावाबद्दल तर मी काही बोलतच नाही.)

आता 'ओरिजिनल'बद्दल. शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ब्लॅकबिअर्ड, म्हणजे एडवर्ड टीच, २२ नोव्हेंबर १७१८ रोजी ओक्राकोक बेटाजवळच्या लढाईत मारला गेला. त्याच्या काळच्या वर्णनांत काळी निशाणं आणि त्यावर कवटी एवढंच येतं. शिंगवाला सांगाडा त्याच्या नावावर चढला तो विसाव्या शतकात. तसंच जॅक रॅकहॅमचं. कवटीखाली दोन तलवारींची फुली असलेला त्याचा म्हणून जो झेंडा सगळीकडे दिसतो (२००३ सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधल्या काळ्या जहाजावरही तोच होता), तो त्याचा होता याला त्या काळातला पुरावा नाही. रॅकहॅम १७२० साली जमैकात फासावर गेला. त्याच्या नावाने आज जे विकलं जातं ते त्याने पाहिलं असतं तर तोच विचारता, हे कुणाचं?

मग नातवाने दाखवलेलं चित्र संपूर्ण खोटं का? नाही, आणि इथेच मला मजा वाटते. हॉकिन्सला ज्या फ्रान्सिस स्प्रिग्जने धरलं होतं, त्याच्या काळ्या निशाणाचं वर्णन त्याने दिलंय. मधोमध पांढरा सांगाडा, एका हातात रक्ताळलेल्या हृदयात खुपसलेला भाला, दुसऱ्या हातात वाळूचं घड्याळ. म्हणजे शिंगं सोडली तर चित्र खरंच आहे, फक्त ब्लॅकबिअर्ड मेल्यानंतर सहा वर्षांनी आणि दुसऱ्याच माणसाच्या जहाजावर. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १७२३ मध्ये, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावी चार्ल्स हॅरिसच्या टोळीतल्या २६ जणांना फाशी दिली. त्यांचं निशाणही याच जातीचं होतं. घड्याळ, भाला, हृदय, रक्ताचे तीन थेंब. ते त्याला 'ओल्ड रॉजर' म्हणायचे, आणि आम्ही याच्याचखाली जगू आणि याच्याचखाली मरू अशी त्यांची बढाई असायची. फाशी देणाऱ्यांनी काय केलं असेल? ते निशाण आणून फासाच्या चौकटीच्या कोपऱ्याला बांधलं!

मला या सगळ्या इतिहासात ही एक गोष्ट विसरता येत नाही. त्या पोरांनी, त्यात काही अगदी विशीतली होती, वाळूचं घड्याळ दुसऱ्यांना दाखवायला शिवून घेतलं होतं. 'तुमची वेळ संपत आलीय' असं सांगायला. पण घड्याळाला पुढची आणि मागची बाजू नसते. ते दोन्हीकडून सारखंच वाचता येतं. शेवटी ते त्यांना स्वतःला वाचावं लागलं.

म्हणून 'नुसतं डिझाइन' म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. आणि तो एवढ्यावर थांबत नाही. हे काळं निशाण आपल्यासाठी फार दूरच्या समुद्रातलं वाटतं, पण त्याच्या आगेमागे असलेली चाचेगिरी आपल्या अरबी समुद्रातच होती. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मोगल बादशहाचं 'गंज-इ-सवाई' हे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटलं. त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते. माणसांचे हाल केले, बायकांवर अत्याचार केले. खाफीखानाने लिहून ठेवलंय की काही बायकांनी अब्रू वाचवायला समुद्रात उड्या घेतल्या. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही आणि पुढे त्याच्यावर नाटकं झाली, गाणी झाली. पुढे जानेवारी १७२२ मध्ये रॉबर्ट्सने आफ्रिकेच्या वीदा बंदरात गुलामांच्या व्यापाराची जहाजं धरली आणि खंडणी मागितली. 'पॉर्क्युपाइन'च्या कप्तानाने ती नाकारली, तेव्हा ते जहाज पेटवलं. आत सुमारे ऐंशी माणसं दोघादोघांना जखडून साखळदंडात होती, असं जॉन्सन लिहितो. त्या माणसांना शरण यायची सोयच नव्हती. काळं निशाण वर चढलं तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. तरुणांना या चाच्यांचं आकर्षण वाटतं ते उगाच नाही. त्या काळी व्यापारी आणि सरकारी जहाजांवर साध्या खलाशाला चाबकाचे फटके आणि तुटपुंजा पगार मिळायचा. चाच्यांच्या जहाजावर कप्तान मतांनी निवडला जायचा आणि मतांनीच काढलाही जायचा. लुटीच्या वाटण्या ठरलेल्या असायच्या. लढाईत हात-पाय गेला तर त्याची भरपाई किती हे आधीच लिहून ठेवलेलं असायचं. कुणाला चाचा म्हणायचं हाही प्रश्न आहेच. आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा म्हटलं, आणि ते होते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल! म्हणजे शिक्का कोण मारतो यावरही बरंच अवलंबून असतं.

आणि हे आकर्षण अजून जिवंत आहे. 'वन पीस' नावाची एक जपानी चित्रकथा १९९७ सालापासून चालू आहे. त्यातल्या चाच्यांच्या निशाणावर हसरी कवटी आहे आणि तिच्या डोक्यावर गवताची टोपी. २०२५ साली इंडोनेशियात आणि मग नेपाळमध्ये तरुण मुलं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा हेच निशाण त्यांच्या हातात होतं. तीनशे वर्षांपूर्वी लुटायला आलेलं निशाण आता 'आम्हाला लुटू नका' असं सांगायला वापरलं गेलं. म्हणजे खुणांचे अर्थ बदलतात हे मला मान्य आहे. पण ते बदलले कुणी? ज्यांना ती गोष्ट पाठ होती, ज्यांना आपण काय म्हणतोय हे ठाऊक होतं, त्या मुलांनी. अर्थ माहीत नसणं आणि अर्थ बदलणं यात फरक आहे. पहिल्याला कष्ट लागत नाहीत.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका कवटीवरूनच सांगते. हिटलरच्या एसएसच्या टोप्यांवर कवटी आणि हाडंच होती. टॅटूच्या शेकडो नमुन्यांत तीही कुठेतरी मिसळलेली असते. नुसतं 'छान दिसतंय' म्हणून बोट ठेवलं आणि नेमकी तीच निघाली, तर जर्मनीत शिकायला गेल्यावर बाह्या वर करायची चोरी होईल.

आता थोडं टॅटूबद्दल. तो शब्दच मुळी समुद्रावरून आला. कॅप्टन कुक १७६९ साली ताहितीला पोचला तेव्हा त्याच्या जहाजावरच्या लोकांनी तिथला 'तताऊ' हा शब्द लिहून घेतला. पण त्याआधीची एक गोष्ट मला जास्त बोचते. विल्यम डॅम्पियर हा खलाशी, लेखक, आणि काही वर्षं चक्क लुटारूंच्या टोळीतला. त्याने आजच्या इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या मधल्या एका बेटावरचा जिओली नावाचा गुलाम १६९१ साली लंडनला आणला. जिओलीच्या अंगभर गोंदलेलं होतं. त्याला विकलं, 'चितारलेला राजपुत्र' म्हणून पैसे घेऊन लोकांना दाखवलं, आणि तो ऑक्सफर्डमध्ये देवी येऊन मेला. ज्याच्या अंगावरच्या प्रत्येक रेघेला त्याच्या बेटावर अर्थ होता, त्याची लंडनमध्ये 'नुसती डिझाइन' झाली. हे दोन शब्द मला का आवडत नाहीत ते आता कळलं असेल.

आपल्याकडे काय होतं? गोंदण. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ते असायचंच. तुळशीवृंदावन, विंचू, नवऱ्याचं किंवा भावाचं नाव. दारावर गोंदणारीण यायची, मुलगी रडायची, आणि आया तिला सांगायच्या की सोनंनाणं इथेच राहतं गं, मेल्यावर सोबत येतं ते एवढंच. विचार करा, चाच्यांनाही लुटता येणार नाही असा हा एकच दागिना! ज्या बाईच्या नावावर घर नव्हतं, जमीन नव्हती, तिची ही एवढीच स्वतःची मालमत्ता. (अर्थात तिला विचारून गोंदत नसत, हेही तितकंच खरं. आजची मुलं स्वतःच्या मर्जीने गोंदून घेतात, ही मला प्रगतीच वाटते.) म्हणून टॅटू पाहून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगते, आपल्या आज्या आठवा. आणि बघा ना, थडग्यावरचं घड्याळ आणि आजीच्या हातावरची तुळस दोन्ही शेवटी मरणाबद्दलच बोलतात. एक म्हणतं वेळ थोडा आहे, दुसरी म्हणते मी शेवटपर्यंत सोबत आहे. मला तर ती एकाच पाटावर बसणारी माणसं वाटतात.

मग चाच्यांच्या निशाणावरून टॅटू काढायचाच असेल तर काय घ्यावं? माझं मत विचाराल तर घड्याळ घ्यावं. कवटी हवी तर तीही घ्यावी, पण भाला, रक्त आणि पायाखालची डोकी सोडून द्यावीत. भाला दुसऱ्यावर रोखलेला असतो, घड्याळ आपल्यालाही लागू असतं. जे रोज सकाळी स्वतःला बघायचंय त्यात स्वतःसाठी काहीतरी असायला हवं.

दुसरं म्हणजे, जसंच्या तसं उचलू नये. चाच्यांनीही उचललं नव्हतं. कवटी, हाडं, घड्याळ, सांगाडा, तलवार, हृदय एवढ्या पाचसहा खुणा सगळ्यांना सारख्याच होत्या, पण मांडणी ज्याची त्याची. बाराखडी एकच, वाक्य आपापलं. वर्गात शेजाऱ्याच्या वहीतून निबंध उतरवणारं पोर मला कधी आवडलं नाही, मग ते दंडावर उतरवत असलं तरी आवडणार नाही. आपल्या घरातली, आपल्या कामाची एखादी खूण त्यात आली तर ते आपलं होईल.

तिसरी गोष्ट कारागिरीची. झेंड्यात काळ्यावर पांढरं असतं. कातडीवर नेमकं उलटं होतं, कारण शाई काळी आणि कोरी राहते ती आपली त्वचा. पांढरी शाई आपल्या गहूवर्णी-सावळ्या अंगावर फारशी उठून दिसत नाही. तेव्हा खरा झेंडा काढायचा तर काळ्या शाईचा मोठा पट्टा भरावा लागतो, मधली कवटी कोरी सोडावी लागते. तसं नको म्हणून लोक काळी पार्श्वभूमी काढून टाकतात आणि नुसती कवटी ठेवतात. पण काळा रंग हाच तर त्या निशाणाचा अर्धा अर्थ होता! तो गेला की उरते ती डीपीवरची कवटी. हा निर्णय आधीच नीट करावा. शिवाय वयानुसार शाई पसरते, बारीक रेघा आणि चिमुकली अक्षरं पुसट होतात. वाळूचे कण सुईच्या टोकाएवढे काढले तर वीस वर्षांनी नुसता डाग दिसेल. ठसठशीत काढावं. आणि सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं, हे सांगायलाच हवं का? रक्तातून पसरणारे आजार कुठलीही नक्षी बघत नाहीत.

"पण आजी, आता लेझरने काढता येतो," असं कुणी म्हणेल. येतो. पण अनेक खेपा, बराच खर्च, बरंचसं दुखणं, आणि तरी कधी कधी डाग राहतोच. कातडी हा असा फळा आहे की त्याच्यावर डस्टर नीट चालत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. गोंदायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, या चित्राचा मला लागणारा अर्थ काय, आणि तो कागद सहा महिने कपाटात ठेवून द्यावा. चित्र नाही, अर्थ. चित्र सहा महिन्यांनीही छानच दिसेल, त्याने काही कळत नाही. सहा महिन्यांनी त्या चार ओळी मोठ्याने वाचाव्यात, शक्य तर घरातल्यांच्या समोर. वाचताना आवाज खाली गेला नाही, कुठे हसू आलं नाही, तर खुशाल जावं आणि गोंदून घ्यावं. घरातल्यांनीही मग कुरकुर करू नये. आणि चार ओळीच सुचल्या नाहीत तर? तर काही बिघडत नाही. चांगलासा काळा टी-शर्ट घ्यावा आणि त्याच्यावर हवी तेवढी कवटी छापून घ्यावी. तो संध्याकाळी घरी आल्यावर उतरवता येतो.